स्मॉलटॉक : स्मृतिप्रतिमा व जुन्या नोंद-मांडणीचा प्रश्न

स्मॉलटॉक ही वस्तु-अभिमुख संगणक भाषा अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पॅलो ॲल्टो (कॅलिफोर्निया) येथील संशोधन केंद्रात १९७० नंतरच्या दशकात विकसित झाली. ॲलन के, डॅन इंगल्स व ॲडेल गोल्डबर्ग हे तिचे प्रमुख शिल्पकार होत. १९७२ व १९७६ च्या आवृत्त्यांनंतर सिद्ध झालेली स्मॉलटॉक-८० ही आवृत्ती केंद्राबाहेरही उपलब्ध करून देण्यात आली. ‘बाइट’ मासिकाचा ऑगस्ट १९८१ चा अंक या भाषेलाच वाहिलेला होता.

बहुतेक भाषांत आज्ञावलीचा मजकूर फाइलींमध्ये असतो आणि प्रत्येक वेळी ती कोऱ्या स्मृतीपासून चालू होते. स्मॉलटॉकची रचना याहून भिन्न आहे. तीत संकलक, संपादक, पडद्यावरील चौकटी आणि अर्धवट राहिलेल्या प्रक्रिया या सर्व वस्तूच होत. काम थांबविताना स्मृतीतील या साऱ्या वस्तूंची नक्कल चकतीवर उतरविली जाते. तिला ‘प्रतिमा’ म्हणतात. पुढे आभासी यंत्र ही प्रतिमा वाचते व काम थांबले होते तेथूनच पुढे सुरू होते. प्रयोगशील आज्ञावलीकारास ही सोय फार उपकारक ठरली. तथापि तिच्यातूनच एक अडचणही उद्‌भवली.

मोठ्या आज्ञावलीत घडणाऱ्या घटनांची कालानुक्रमे नोंद ठेवतात. किती गंभीर घटना नोंदवावयाच्या व त्या कोणत्या फाइलीत लिहावयाच्या, हे ठरविणारी मांडणी पुष्कळदा वर्गाच्या चलात साठविलेली असते. वर्गाची प्रारंभिक सिद्धता तो प्रतिमेत प्रथम आणला जातो तेव्हा होते. प्रतिमा पुन्हा चालू केल्यावर ती आपोआप होत नाही. त्यामुळे चाचणीच्या वेळी ठरविलेली मांडणी प्रतिमेबरोबर दुसऱ्या संगणकावरही जाते. तेथे ती फाइल वा तिचे स्थान नसते. उघड्या फाइलीसाठी पूर्वी मिळालेला क्रमांकही निरर्थक झालेला असतो. परिणामी ज्या नोंदीवरून दोष शोधावयाचा, तीच भलत्या ठिकाणी जाते किंवा मुळीच होत नाही.

या अडचणीचे मूळ असे, की प्रतिमा स्वतःतील वस्तू अचूक जपते. परंतु फाइली, जालजोडण्या व पडदा ही बाह्य सृष्टी मधल्या काळात बदललेली असते. म्हणून प्रतिमा साठविण्यापूर्वी व ती पुन्हा चालू झाल्यावर ठरावीक वर्गांना संदेश पाठविण्याची योजना करण्यात आली. पहिल्या संदेशाने उघड्या फाइली बंद करावयाच्या आणि दुसऱ्याने मांडणी नव्याने वाचावयाची, असा संकेत आहे. मात्र ज्या वर्गाची यादीत नोंद नाही, त्यास हे संदेश मिळत नाहीत. यावर दुसरा उपाय म्हणजे मूळ मजकुरावरून स्वच्छ प्रतिमा पुनःपुन्हा नव्याने घडविणे. सर्व बदलांचा मजकूर स्वतंत्र फाइलीत क्रमाने साठत असल्याने अपघातानंतर केलेले काम परत मिळविता येते; परंतु वस्तूंची चालू अवस्था त्या फाइलीत नसते.

१९९६ मध्ये ॲपल कंपनीत इंगल्स, के व त्यांच्या सहकाऱ्यांनी निर्मिलेली ‘स्क्वीक’ ही प्रणाली जुन्या स्मॉलटॉक-८० प्रतिमेवरूनच घडविण्यात आली, तर २००८ मध्ये स्क्वीकपासून ‘फारो’ ही शाखा निघाली. प्रतिमांची ही वंशपरंपरा स्मॉलटॉकच्या चिवटपणाची साक्ष देते. अशा प्रणालीत पुनःप्रारंभ म्हणजे नवा आरंभ नव्हे; काय जपावयाचे व काय टाकून द्यावयाचे, याचा निर्णय आज्ञावलीकारालाच घ्यावा लागतो.