लेहरा धरणारी पेटी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

ज्या माध्यमातून मी आपल्याशी बोलतो आहे, त्यानंच एके काळी पेटीला दार बंद केलं होतं. १९४० साली ऑल इंडिया रेडिओवर हार्मोनिअमला मज्जाव झाला आणि तो १९७१ पर्यंत टिकला. त्यामागचा आक्षेप अगदीच खोटा नव्हता. पेटीचा सूर पट्टीला खिळलेला असतो. दोन पट्ट्यांच्या मध्ये जी जागा गवयाच्या गळ्याला सापडते, ती पेटीला सापडत नाही. मींड निघत नाही, श्रुती सांभाळल्या जात नाहीत. शिवाय वाद्य परदेशी, फ्रान्समधून आलेलं. पण रेडिओनं नाही म्हणण्याच्या कितीतरी आधी आपल्या मराठी रंगभूमीनं त्या पेटीला मांडीवर घेतलं होतं. गोविंदराव टेंब्यांसारख्या वादकांनी तिला बोलायला लावलं. पट्टी तीच, भाता तोच. फरक पडला तो बोटांनी तिच्याकडे काय मागितलं यामुळे.

आज बोलायचं आहे ते पेटीच्या एका फार पुढच्या भावंडाबद्दल. सिंथेसायझर, आणि त्याला जोडलेला सीक्वेन्सर. नावं जड आहेत, पण गोष्ट आपल्या मुंबईची आहे.

चरणजित सिंग हे मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतातले वादक. जन्म १९४०. बेस गिटार, स्टील गिटार, ट्रान्झिकॉर्ड नावाचं विजेवर चालणारं अकॉर्डियन, असं बरंच काही ते वाजवत. राहुलदेव बर्मन यांच्यासह अनेक संगीतकारांच्या ताफ्यात ते होते. ज्यांची वाजवणूक आपल्याला तोंडपाठ असते आणि नाव ठाऊक नसतं, अशा माणसांपैकी ते एक. परदेशी विजेची वाद्यं मुंबईत अशाच माणसांनी आणली. सत्तरच्या दशकात केरसी लॉर्ड यांनी मूग सिंथेसायझर आणला, तोही एका वादकाच्याच हौसेपोटी.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला चरणजित सिंगांकडे रोलँड या जपानी कंपनीची तीन यंत्रं आली. ज्युपिटर-८ हा आठ सूर एका वेळी देणारा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ ही खर्जाच्या सुरांची छोटी पेटी. सिंगापूरहून ती घेतल्याचं त्यांनी पुढे सांगितलं आहे. चित्रपटांत तेव्हा डिस्कोची लाट होती. त्यांच्या मनात आलं, तबला बाजूला ठेवावा, ठेका डिस्कोचा घ्यावा आणि वर राग वाजवावेत. घरी तिन्ही यंत्रं एकत्र लावून त्यांनी रियाज केला. १९८२ साली त्यातून एक लाँगप्ले तबकडी झाली : ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’.

हा रियाज म्हणजे नेमकं काय असेल? इथं थोडं थांबावंसं वाटतं, कारण वाद्य शिकणं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गुरू येतो, समोर बसलेला शिष्य येतो. इथं समोर खटके, फिरकी बटणं आणि लुकलुकणारे दिवे.

३०३ चा घाट पाहा. एका सप्तकाच्या तेरा पट्ट्या, षड्जापासून वरच्या षड्जापर्यंत, पण त्या नुसती बटणं आहेत. पेटीसारखं त्यांच्यावर वाजवायचं नसतं. त्यांच्यावर सूर लिहून ठेवायचे असतात. सोळा घरं असतात आणि लिहिणं दोन फेऱ्यांत होतं. पहिल्या फेरीत फक्त सूर : कोणता, त्यानंतर कोणता. दुसऱ्या फेरीत फक्त काळ : या घरात सूर वाजावा, की मागचा सूर लांबावा, की गप्प राहावं. म्हणजे आधी गझलेचे सगळे शब्द एका ओळीत मांडून ठेवायचे आणि मग त्यांना वजन लावत जायचं! ज्यानं मात्रा मोजत कविता लिहिली आहे त्याला यातली गंमतही कळेल आणि धोकाही. एखादं घर चुकून रिकामं सोडलं, की पुढचा प्रत्येक सूर एकेक घर सरकतो. भलत्या शब्दावर यती पडावा तसं होतं. या यंत्राचा असा विचित्रपणा जगभर प्रसिद्ध झाला. चुकून लिहिल्या गेलेल्या ओळीच अनेकांना जास्त आवडल्या, ती गोष्ट पुढची.

प्रत्येक सुराला आणखी दोन खुणा देता येतात. एक आघाताची, दुसरी घसरण्याची. घसरण्याची खूण दिली की तो सूर तुटत नाही, पुढच्या सुरावर सरकत जातो. म्हणजे मींडच की, असं म्हणावंसं वाटतं. पण सरकण्याचा वेग यंत्रानं ठरवलेला, आणि गवई प्रत्येक मींड वेगळ्या वेगानं घेतो. तेव्हा ही मींड नव्हे, मींडेची लांबची नातलग म्हणा हवं तर. डोक्यावर फिरकी बटणांची रांग असते : आवाजातला उजेड किती ठेवायचा, त्याला नाकातली धार किती द्यायची, सूर विझायला किती वेळ घ्यायचा. ही बटणं यंत्र वाजत असताना फिरवता येतात. सूर लिहिलेला, पण त्याचा आवाज हाती. लिहिलेली कविता मुशायऱ्यात म्हणताना जे स्वातंत्र्य असतं ना, तेवढंच.

८०८ वर सोळा बटणांची रांग, चार-चारच्या चार रंगांत : लाल, नारिंगी, पिवळा, पांढरा. एक फिरकी वाद्य निवडते, नगारा किंवा टाळी किंवा झांज, आणि ज्या घरात ते वाजावं तिथलं बटण दाबायचं. आपल्या माणसाला सोळा घरं आणि चारचे चार विभाग दाखवले तर त्याला त्रिताल आठवणारच. पण त्रितालात नवव्या मात्रेला खाली आहे. तिथं डग्गा हात आखडतो आणि ऐकणाऱ्याला कळतं की आता सम येणार. या यंत्राला नववं घर आणि पाचवं घर सारखंच. आमच्या नाशिकला मिरवणुकीत पॅड वाजवणाऱ्या एका मुलाला मी विचारलं होतं, तुझ्या मशीनमध्ये खाली कुठंय? तो म्हणाला, “चाचा, मशीनमध्ये नाही. ती मी हातानं सोडतो.”

राहिली जोडणी. ज्यांच्या घरी जुना टेपरेकॉर्डर होता, त्यांना पाच टाचण्यांची ती गोल खाच आठवत असेल. तशाच खाचेतून ८०८ आणि ३०३ एका वायरनं जोडले जातात. ८०८ कडे लय असते. दर ठोक्याला ते चोवीस बारीक ठोके वायरीतून पाठवतं आणि ३०३ निमूटपणे त्यांच्यामागं चालतं. एकावरचं बटण दाबलं की दोन्ही एका क्षणी सुरू. पुढे १९८३ मध्ये मिडी नावाची पद्धत आली आणि वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं आपसात बोलू लागली. रोलँडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी आणि अमेरिकेतले डेव्ह स्मिथ यांना २०१३ मध्ये त्याबद्दल तांत्रिक ग्रॅमी मिळालं. मिडीची खाचही तशीच पाच टाचण्यांची, भाषा मात्र निराळी. वायर बसते, पण बोलणं होत नाही. शिकणाऱ्यांची यात भरपूर फजिती झालेली आहे. चरणजित सिंगांच्या वेळी मिडी नव्हतंच. त्यांच्यापुढे दोन यंत्रं बांधणारी वायर आणि मोकळे राहिलेले दोन हात, एवढाच हिशेब होता.

आणि इथंच मला या माणसाची खरी गंमत दिसते. ३०३ बनवणाऱ्यांच्या मनात होता एकटा गिटारवाला. त्याच्या मागं खर्ज धरायला माणूस नसेल तर ही पेटी धरेल. त्या कामात ती कुणाला फारशी पसंत पडली नाही, १९८४ मध्ये तिचं उत्पादनही थांबलं. पण आपल्या संगीतात अशी एक जागा शतकानुशतकं आहे जिथं एक वादक तीच ओळ पुन्हा पुन्हा वाजवतो आणि दुसरा तिच्यावर खेळतो. ती जागा म्हणजे लेहरा. उस्ताद तबला एकट्यानं वाजवत असतात आणि शेजारी सारंगीवाला किंवा पेटीवाला एकच नगमा तासभर न हलता धरून बसतो. त्याचं कसब कशात, तर न बदलण्यात. टाळ्या तबल्याला पडतात.

ही तबकडी ऐकली की मला वाटतं, चरणजित सिंगांनी लेहरा उलटा केला. लेहऱ्यात सूर फिरत राहतो आणि ताल मोकळा असतो. इथं ताल आणि खर्ज फिरत राहिले, आणि मोकळा झाला तो राग, ज्युपिटरवर हातानं वाजवलेला. सोळा घरांत कोंडलेल्या यंत्रांना त्यांनी कंटाळवाणं पण इमानी काम दिलं.

रागांची निवडही पाहण्यासारखी आहे : भैरवी, ललित, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघ मल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी. मैफल जिथं संपते तिथून, भैरवीनं, ही तबकडी सुरू होते. कुणी याला अज्ञान म्हणेल, मला तो खट्याळपणा वाटतो. मालकंस आणि ललित या दोहोंत पंचम नाही. खर्जाची नेहमीची चाल षड्जावरून पंचमावर उडी मारते, तशी उडी इथं मारली की राग मोडला. म्हणजे खर्जाची ओळसुद्धा राग जाणणाऱ्यालाच लिहावी लागते, पुस्तिकेतला नमुना चालत नाही. ललितातले दोन्ही मध्यम त्या छोट्या पट्टीवर शेजारी-शेजारी आहेत. तोडीतला खूप उतरलेला कोमल गंधार मात्र तिथं नाहीच. १९४० सालचा आक्षेप जसाच्या तसा इथंही लागू पडतो, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. ज्युपिटरवर सूर वाकवायची दांडी आहे, सुरावरून सुरावर सरकायची सोय आहे, तेवढ्यात काय भागेल ते.

तबकडी फारशी खपली नाही. चरणजित सिंग आपल्या कामाला लागले. इकडे शिकागोत काही तरुणांना तीच ३०३ जुन्या बाजारात स्वस्तात मिळाली. तिची बटणं पिळून त्यांनी जो आवाज काढला, त्यातून ‘फ्युचर’ या गटाचं ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ १९८७ मध्ये आलं आणि अ‍ॅसिड हाऊस नावाचा नाचाच्या संगीताचा प्रकार जन्मला. २००२ मध्ये एडो बाउमन नावाच्या एका डच संग्राहकाला दिल्लीत चरणजित सिंगांची तबकडी सापडली. त्यानं ती २०१० मध्ये पुन्हा काढली. युरोपात गडबड उडाली. हे तर अ‍ॅसिड हाऊस, तेही पाच वर्षं आधीचं! कुणी म्हणालं, ही कुणा युरोपीय संगीतकाराचीच थट्टा असणार. मग सत्तरीच्या घरातले चरणजित सिंग युरोपात कार्यक्रम करून आले. २०१५ च्या जुलैमध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं.

“भारतीय माणसानं अ‍ॅसिड हाऊस शोधलं” हे वाक्य आपल्याकडे अभिमानानं फिरतं. मला ते पटत नाही. शिकागोच्या पोरांनी ही तबकडी ऐकून काही केलं, असा कोणताही धागा नाही. आणि “पहिले” म्हणून गौरवताना आपण त्यांना दुसऱ्यांच्या संगीताचा आद्य पुरुष करतो. त्यांनी जे केलं ते रागसंगीतातून आलेलं होतं. त्याचं मोजमाप ललित कसा वाजला, यावर व्हावं.

दुसरी एक गोष्ट या कौतुकात बुडून जाते. “तबला बाजूला ठेवावा” हा एका कलावंताचा प्रयोग होता, पण पुढच्या दहा-पंधरा वर्षांत तो धंद्याचा हिशेब झाला. ऐंशी आणि नव्वदच्या दशकांत मुंबईच्या स्टुडिओंतले साठ-सत्तर वादकांचे ताफे आटत गेले. व्हायोलिनच्या रांगा एका कळफलकात मावू लागल्या. गोव्यातून, पंजाबातून, उत्तरेतून आलेल्या घराण्यांची रोजी त्यात गेली. ग्रेगरी बूथ यांनी २००८ च्या ‘बिहाइंड द कर्टन’ या पुस्तकात या वादकांची हकीकत नोंदवली आहे. विजेची वाद्यं हौसेनं आणणारेही याच ताफ्यांतले होते, हे विसरून चालणार नाही.

आणि यंत्र काही मुंबईत थांबलं नाही. १९८५ मध्ये आलेलं रोलँडचं ऑक्टोपॅड ऑर्केस्ट्रांतून लग्नाच्या वरातींत आणि तिथून बॅन्जो पार्ट्यांत उतरलं. आपण ज्याला बॅन्जो म्हणतो तो बुलबुलतरंग, हेही मुळात जपानी वाद्य. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये केलेलं तैशोगोतो आपल्याकडे येऊन बुलबुलतरंग झालं आणि त्याला वीज जोडून रस्त्यावर आणलं ते आपल्या पोरांनी. वाकडी बारवेपासून मेनरोड, रविवार कारंजा करत पंचवटीकडे जाणाऱ्या मिरवणुकीत एका बाजूला नाशिक ढोल आणि दुसऱ्या बाजूला बॅन्जो-पॅड असं कित्येक वर्षं ऐकू आलेलं आहे. पॅडवाल्यांच्या यंत्रावर चिकटपट्ट्या असतात आणि त्यांवर पेनानं लिहिलेलं असतं : हलगी, ढोलकी, संबळ, दिमडी. कंपनीनं दिलेल्या नावांवरच ती पट्टी चिकटवलेली असते.