ऑर्पिंग्टन

ऑर्पिंग्टन ही इंग्लंडमधील केंट परगण्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तयार झालेली, अंगाने जड, सैल पण भरगच्च पिसाऱ्याची आणि विलक्षण शांत स्वभावाची कोंबडीची जात असून, घराच्या परसात माणसांच्या वावरातच मोजक्या कोंबड्या सांभाळणाऱ्यांची ती जगभर आवडती आहे. ज्या गावावरून तिला नाव मिळाले, ते ऑर्पिंग्टन आता लंडन महानगरात सामावलेले आहे. अंडी आणि मांस या दोन्हींसाठी उपयोगी पडणाऱ्या, म्हणजे दुहेरी उपयोगाच्या, जातींत तिची गणना होत असली, तरी आज तिची ख्याती उत्पादनापेक्षा स्वभावावर अधिक उभी आहे. हा स्वभाव आणि तिची संथ वाढ यांचे वर्णन बहुधा दोन स्वतंत्र गुण म्हणून केले जाते. परंतु जातीचा इतिहास आणि तिची शरीररचना पाहता दोन्ही गुण एकाच मुळातून आले असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

या जातीचे जनक विल्यम कुक (१८४९–१९०४) हे व्यवसायाने घोडागाडीचे सारथी होते. त्यांनी १८८६ मध्ये काळी ऑर्पिंग्टन लोकांपुढे आणली. तिच्यासाठी त्यांनी भूमध्य समुद्राकडील, भरपूर अंडी देणारी मिनॉर्का, अमेरिकेतील प्लिमथ रॉक आणि १८७२ मध्ये चीनमधून इंग्लंडात आलेली लँगशान अशा तीन जातींचा संकर केला. काळा रंग निवडण्यामागे लंडनच्या हवेतील काजळी पिसांवर दिसू नये हा हेतू होता असे सांगितले जाते. सामान्य कुटुंबाला वर्षभर अंडी मिळावीत आणि शेवटी ताटात इंग्रजांना रुचणारी पांढऱ्या कातडीची भरदार कोंबडी यावी, एवढेच कुक यांना हवे होते. पुढे त्यांनी १८८९ मध्ये पांढरा, तर १८९४ मध्ये पिकल्या गव्हाच्या लोंबीसारखा सोनेरी-पिवळसर, म्हणजे ज्याला बफ म्हणतात तो प्रकार सिद्ध केला, आणि व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणास साठ वर्षे झाली त्या १८९७ साली ठिपकेदार पिसांच्या प्रकारास ‘ज्युबिली’ हे नाव दिले. बफ प्रकार कोचीन, डॉर्किंग आणि हॅम्बर्ग या जातींच्या संकरातून आल्याचे कुक सांगत. यांतील कोचीन हे नाव वाचून केरळातील कोची आठवणे स्वाभाविक आहे. पण त्या बंदराशी या कोंबडीचा संबंध नाही. ती चीनच्या शांघाय परिसरातून युरोपात गेली आणि आग्नेय आशियातील कोचीन-चायना या प्रदेशाचे नाव तिला चिकटले.

जातीचे आजचे रूप मात्र केवळ कुक यांचे नाही. १८९१ च्या सुमारास जोसेफ पार्टिंग्टन या प्रदर्शनासाठी कोंबड्या पैदा करणाऱ्या गृहस्थांनी लँगशान आणि कोचीन यांच्या संकरातून पिसांनी फुललेली काळी ऑर्पिंग्टन पुढे आणली. ती इतकी देखणी होती की स्पर्धांतून तिचीच चलती सुरू झाली आणि कुक यांची आटोपशीर, कामाची कोंबडी मागे पडली. या वळणाने अंडी कमी झाली, हा तोटा खराच. पण प्रदर्शनात उतरणाऱ्या पक्ष्याला आधी धुऊन पुसून घ्यावे लागते, पिंजऱ्यात दिवसभर गर्दीसमोर उभे राहावे लागते आणि परीक्षकाने हातात घेऊन पंख उलगडले तरी न बिथरता राहावे लागते. जो पक्षी हे सहन करी, तोच पुढच्या पैदाशीसाठी राखला जाई. शांतपणाची निवड अशा रीतीने पिढ्यान्‌पिढ्या, कदाचित कोणी जाणूनबुजून न करताही, होत राहिली असावी.

शरीराने ऑर्पिंग्टन रुंद, खोल छातीची, आखूड पाठीची आणि जमिनीलगत बसकी दिसते. पोटऱ्या आणि मांड्या मऊ पिसांनी झाकलेल्या असतात. मात्र नळ्या आणि बोटे स्वच्छ, पिसांविना असतात, आणि चिनी पूर्वजांपासून तिला वेगळे ओळखण्याची ही एक खूण आहे. तुरा बहुधा एकेरी व पाच दात्यांचा असतो. अमेरिकी मानकांनुसार पूर्ण वाढलेला कोंबडा सुमारे ४.५ किग्रॅ. व कोंबडी सुमारे ३.६ किग्रॅ. भरते; ठेंगू प्रकाराचे वजन १ किग्रॅ.च्या आसपास असते. पिसारा सैल असल्याने पक्षी प्रत्यक्षापेक्षा बराच मोठा भासतो, आणि नवखा पाळणारा त्या भासावरून वजनाचा अंदाज करून हमखास चुकतो.

स्वभावाचा विचार करताना कोंबडी ही मुळात शिकार होणाऱ्या पक्ष्यांपैकी आहे हे ध्यानात घ्यावे लागते. लाल रानकोंबडा हा तिचा मुख्य पूर्वज. त्याची जगण्याची सारी भिस्त वेळीच दचकण्यावर आणि भुर्रकन उडण्यावर आहे. हलक्या बांध्याच्या लेगहॉर्नसारख्या जातींत ही चपळाई अजून शिल्लक असून अनोळखी हालचाल होताच त्या आरडाओरडा करत पांगतात. ऑर्पिंग्टन पांगत नाही. जड शरीर तिला फार उंच उचलता येत नाही, कुंपण ओलांडण्याचा ती सहसा खटाटोप करत नाही, आणि खाद्याचे भांडे घेऊन येणाऱ्या माणसापासून दूर जाण्याऐवजी त्याच्या पायांशी येऊन उभी राहते. उचलून घेतल्यास थोड्या वेळात ती अंग सैल सोडते. तिचा आवाज दबका असतो, आणि शेजार लगतचा असेल तेथे हा गुण मोलाचा ठरतो. कोंबडेही एकंदरीत सौम्य असतात. तथापि वयात आलेल्या एखाद्या कोंबड्यात आक्रमकता दिसू शकते, म्हणून जातीच्या लौकिकावर विसंबून लहान मुलांना त्याच्याजवळ एकटे सोडणे योग्य नव्हे.

हा शांतपणा आयता मिळत नाही. अंड्यातून बाहेर आल्यावरचे पहिले काही आठवडे माणसाच्या हाताची सवय लागण्यास अनुकूल असतात. रोज थोडा वेळ, वरून झडप घातल्यासारखे नव्हे तर बाजूने किंवा खालून हात नेऊन पिल्लू उचलले, तर त्याची भीती लवकर ओसरते. वरून येणारा हात त्याला घारीसारखा भासतो. ज्यांना असा स्पर्श मिळत नाही, ती ऑर्पिंग्टन पिल्लेही मोठेपणी बुजरी राहू शकतात.

सौम्यपणाला दुसरी बाजू आहे. कोंबड्यांच्या कळपात कोणी कोणाला टोचावे आणि कोणी निमूट बाजूला व्हावे याची उतरंड असते. नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ थोर्लिफ शेल्डरुप-एब्बे यांनी १९२० च्या दशकाच्या आरंभी तिचे प्रथम पद्धतशीर वर्णन केले. मिश्र कळपात ऱ्होड आयलंड रेडसारख्या दांडग्या जाती या उतरंडीत वर चढतात आणि ऑर्पिंग्टन खाली राहते. ती भांडण उकरत नाही. खाद्यावरून हाकलली गेली तर मुकाट्याने दूर उभी राहते, आणि तिची उपासमार दाट पिसांमुळे पाळणाऱ्याच्या डोळ्यांना चटकन दिसत नाही. म्हणून खाद्य-पाण्याची भांडी एकाहून अधिक आणि एकमेकांपासून अंतरावर ठेवावीत व अधूनमधून छातीच्या हाडावर बोटे फिरवून मांस भरलेले आहे की नाही हे चाचपावे. कुत्रा, मुंगूस, घार यांच्यापुढेही ती असहाय ठरते, कारण पळण्याची तिची तयारी कमी असते.

खुडूक होण्याची, म्हणजे अंडी घालणे थांबवून ती उबवण्यासाठी घरट्यात बसून राहण्याची, प्रवृत्ती या जातीत ठळक आहे. शरीरात प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढले की कोंबडी अंग पसरून बसते, जवळ जाताच पिसे फुलवून कुरकुरते आणि दिवसातून थोडाच वेळ दाणापाण्यासाठी उठते. ज्यांना यंत्राविना पिल्ले हवीत, त्यांच्यासाठी ही उत्तम दाई होय; रुंद शरीराखाली दहा-बारा अंडी सहज मावतात आणि दुसऱ्या जातीची पिल्लेही ती बिनतक्रार आपली मानते. तिच्या वजनाने एखादे अंडे फुटण्याचा धोका असतो, म्हणून घरटे खोलगट व मऊ पेंढ्याचे असावे. पिल्ले नको असतील तर तिला काही दिवस तारेच्या जाळीचा तळ असलेल्या हवेशीर पिंजऱ्यात ठेवतात. पोटाला गारवा लागला की खुडकी उतरते.

वाढीचा क्रम संथ आहे आणि त्याचा संथपणा समजून घेतल्याशिवाय ही जात पाळू नये. अंडी २१ दिवसांत फुटतात. नवजात पिल्लू सुमारे ४० ग्रॅम भरते व पोटात ओढून घेतलेल्या बलकावर दोन-तीन दिवस तग धरू शकते. पहिल्या आठवड्यात त्याला सुमारे ३५ अंश सेल्सियस ऊब लागते व पुढे ती दर आठवड्याला साधारण ३ अंशांनी उतरवतात. पंखांवर पिसे आधी फुटतात, पाठ आणि छाती मागाहून भरते. हलक्या जातींच्या मानाने ऑर्पिंग्टनला पिसे उशिरा येतात, म्हणून सहा ते आठ आठवड्यांपर्यंत गारठ्यापासून जपावे लागते. याच सुमारास नराचा तुरा मोठा व लाल होऊ लागतो आणि नर-मादी ओळखू येतात. त्यानंतरचे तीन-चार महिने पिल्लू उंच, किडकिडे, बेढब दिसते. हाडांचा सांगाडा आधी उभा राहतो, मांस आणि पिसारा नंतर चढतो; ज्या जड बांध्यामुळे ती पांगत नाही, तोच भरायला असा वेळ लागतो.

मांसासाठीची आधुनिक ब्रॉयलर कोंबडी सहा आठवड्यांत २ किग्रॅ.पलीकडे जाते, ऑर्पिंग्टनला ताटात येण्याजोगे होण्यास पाच-सहा महिने लागतात. तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी, सहा ते सात महिन्यांची झाल्यावर पहिले अंडे देते, तर लेगहॉर्न साडेचार-पाच महिन्यांतच अंड्यावर येते. तुरा लाल होणे आणि पाठीवर हात ठेवताच तलंगेने पंख किंचित पसरून खाली बसणे या अंडे जवळ आल्याच्या खुणा आहेत. अंडी फिकट तपकिरी असतात व वर्षाला सुमारे १५० ते २०० मिळतात. अंड्यावर आल्यानंतरही शरीर भरत राहते, आणि पिसाऱ्याचे खरे वैभव पहिली पूर्ण पीसझड झाल्यावर, दुसऱ्या वर्षी दिसते. घाईने वाढवण्यासाठी जादा खाद्य देणे हा येथे सर्वांत मोठा दोष ठरतो: ही कोंबडी फार हिंडत नाही, मिळेल ते खाते आणि चरबी धरते, चरबीने यकृत बिघडते व अंडी आटतात. पिल्लांना सुमारे २० टक्के प्रथिनांचे खाद्य, वाढत्या वयात १६ टक्क्यांच्या आसपासचे आणि कॅल्शियमयुक्त खाद्य अंडे सुरू होण्याच्या वेळीच द्यावे. लवकर दिलेल्या जादा कॅल्शियमचा भार मूत्रपिंडांवर पडतो. बसायची दांडी गुडघाभर उंचीचीच असावी, कारण उंचावरून उडी मारल्यास जड शरीराच्या पायाच्या तळव्याला इजा होऊन गळू धरते. दाट पिसांत उवा व माइट्स लपतात, तेव्हा ती बाजूला सारून कातडी नियमित पाहावी.

उष्ण हवेत या जातीची परीक्षा होते. कोंबड्यांना घर्मग्रंथी नसतात. त्या चोच उघडून धापा टाकत उष्णता बाहेर सोडतात, आणि इंग्लंडच्या थंड हवेत घडलेला हा पिसारा विदर्भ-मराठवाड्याच्या ४० अंशांपलीकडील उन्हाळ्यात ओझे होतो. कोकण-गोव्याच्या पावसातही तो भिजला की लवकर सुकत नाही. भारतात त्यामुळे ऑर्पिंग्टनपेक्षा तिची वंशज ऑस्ट्रेलॉर्प अधिक रुजली. कुक यांच्या जुन्या काळ्या ऑर्पिंग्टनला ऑस्ट्रेलियातील पैदासकारांनी पुन्हा अंड्यांच्या वाटेवर आणले, आणि १९२२–२३ मध्ये अशा सहा कोंबड्यांनी ३६५ दिवसांत १,८५७ अंडी देऊन विक्रम केला. गावठी कोंबडी सुधारण्यासाठी आणि परसातील कोंबडीपालनासाठी काळी ऑस्ट्रेलॉर्प आपल्याकडे दीर्घकाळ वापरात असून, तिचा कोंबडा व पांढरी लेगहॉर्न कोंबडी यांच्या संकराला ऑस्ट्रो-व्हाइट म्हणतात. कोणतीही जात असो, मानमोडी म्हणजे रानीखेत रोगाची लस पहिल्या आठवड्यातच थेंबांनी देणे आवश्यक असते. अंड्यांचा हिशेब मुख्य असेल त्याने ऑस्ट्रेलॉर्प निवडावी. थंड हवेचे, सावलीचे व कोरडे परस असून सात महिने वाट पाहण्याची तयारी असेल, त्याच्यासाठी ऑर्पिंग्टनच योग्य होय.