ब्राउझरचे ६४-बिट स्थित्यंतर

वेब ब्राउझर ३२-बिट प्रोसेसर-रचना सोडून ६४-बिट रचनेवर येण्याची प्रक्रिया. घरगुती संगणकात एएमडीचा अ‍ॅथलॉन ६४ हा प्रोसेसर २००३ मध्ये आला, त्याला साजेशी ६४-बिट विंडोज एक्सपी २००५ मध्ये. ब्राउझर मात्र पुढची दहा वर्षे रेंगाळत राहिले.

घोडे अडले ते प्लगइनपाशी, म्हणजे ब्राउझरच्या आत चालणाऱ्या जोड-प्रोग्रॅमपाशी. ३२-बिट प्लगइन ६४-बिट प्रोग्रॅमच्या आत चालत नाही आणि तेव्हाचे बहुतेक व्हिडिओ व खेळ फ्लॅश या प्लगइनवर अवलंबून होते. ६४-बिट विंडोज ७ च्या स्टार्ट मेनूत इंटरनेट एक्सप्लोरर दोनदा दिसे. एक साधा, दुसऱ्याच्या नावापुढे ‘६४-बिट’. हा दुसरा उघडला की फ्लॅश व्हिडिओच्या जागी नुसती चौकट येई. साहजिकच वापर पहिल्याचाच झाला. अ‍ॅपलने २००९ मध्ये मॅकच्या स्नो लेपर्ड आवृत्तीतल्या सफारी ब्राउझरमध्ये प्लगइन वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवून यातून हुशारीने वाट काढली. विंडोजवर ६४-बिट फ्लॅश यायला २०११ चा ऑक्टोबर उजाडला.

दुसरी अडचण जावास्क्रिप्ट इंजिनाची. हे इंजिन पान चालू असतानाच प्रोसेसरला थेट कळणारा कोड तयार करते. त्यामुळे जुना सोर्स कोड नव्याने कंपाइल करून भागत नाही; कोड तयार करणारा भाग प्रत्येक रचनेसाठी वेगळा लिहावा लागतो.

तरीही बदल टळणारा नव्हता. ३२-बिट प्रोसेसला फार तर ४ जीबी मेमरी दिसते, विंडोजवर बहुधा २ जीबीच. जड पाने उघडली की ही मेमरी संपे आणि ब्राउझर कोसळे. शिवाय ६४-बिट रचनेतल्या मेमरी-पत्त्यांच्या मोठ्या पटात कोड कुठे आहे, हे हल्लेखोराला हेरणे अवघड जाते. विंडोजवर ६४-बिट क्रोम ऑगस्ट २०१४ मध्ये स्थिर झाला. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने तर २०१२ मध्ये विंडोजच्या ६४-बिट चाचणी आवृत्त्या बंद करून ओरड होताच महिन्याभरात पुन्हा सुरू केल्या. अधिकृत आवृत्ती डिसेंबर २०१५ मध्ये, फायरफॉक्स ४३ सोबत आली.

या बदलाची किंमत मेमरीत मोजावी लागली, कारण पॉइंटर, म्हणजे मेमरीतले पत्ते, दुप्पट लांबीचे झाले. गंमत म्हणजे २०२० मध्ये क्रोम ८० च्या व्ही८ या जावास्क्रिप्ट इंजिनाने आपल्या हीपमधले (वस्तू साठवायच्या मेमरीतले) पॉइंटर आकसून पुन्हा ३२ बिटांवर आणले.

त्याच वर्षी अ‍ॅपलचे एम१ मॅक आले आणि इंटेलकडून आर्म या वेगळ्या प्रोसेसर-रचनेकडचे स्थलांतर सुरू झाले. यावेळी प्लगइनचे लोढणे नव्हते. काही आठवड्यांतच क्रोम आणि फायरफॉक्स तयार होते. आर्मवरच्या विंडोजसाठी क्रोम मात्र २०२४ मध्ये आला. एम१ वरचे ब्राउझर संकेतस्थळांना आजही आपण ‘इंटेल मॅक’ असल्याचे सांगतात, कारण ही ओळख बदलली तर तिच्यावर विसंबलेली जुनी पाने बिघडतील.