सुरतेचा प्लेग आणि ‘बेडका’

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेच्या वेड रोड भागात फुप्फुसी प्लेगाची साथ उद्भवली. लाखो लोकांनी शहर सोडले. त्यांत महाराष्ट्रातून पोटासाठी आलेले कामगारही होते. या रोगाची शंका प्रथम येते ती रुग्णाच्या सांगण्यावरून: ताप, खोकला, रक्ताळलेला बेडका. गुजराती डॉक्टर विचारणार ‘ताव’, ‘उधरस’, ‘गळफो’. पहिला शब्द आपण ओळखू. उरलेले दोन नाही. उलट आपला ‘बेडका’ गुजराती कानाला ‘देडको’, म्हणजे बेडूक, वाटायचा! घरी अहिराणी बोलणाऱ्याची अडचण आणखी मोठी. अशा वेळी दुभाषा बहुधा गुजराती शाळेत जाणारा पोरच. केसपेपरवर रुग्णाच्या भाषेचा रकाना असावा, ही मागणी आम्ही सुरतेतील मराठी रुग्णासाठी करतो, तशीच महाराष्ट्रातील गुजराती रुग्णासाठीही.