ऑसबोर्नच्या दरबार-दालनाचा कर्ता कोण?

इंग्लंडांतील वाइट बेटावरचा ऑसबोर्न हा व्हिक्टोरिया राणीचा ग्रामनिवास प्रिन्स आल्बर्ट यांनीं टॉमस क्युबिट यांच्या साह्यानें १८४५ ते १८५१ या काळांत इटालियन धर्तीवर उभारिला. त्यास १८९०-९१ सालीं जोडलेल्या दरबार-दालनापुरताच विचार येथें कर्तव्य आहे. भिंती व छत उठावाच्या गिलावकामानें भरलीं असून अग्निस्थानावर मोर व बागेच्या दारावर गणपति आहे. लॉकवुड किपलिंग यांचें मार्गदर्शन होतें हें खरें. परंतु नक्षी रचून काम करविणारे लाहोरच्या कलाशाळेंतील भाई रामसिंग होत. राणीनें स्वोबोदाकडून त्यांची तसबीरही काढविली. आमच्या देवळांचे शिल्पी बहुधा अनामिक राहिले. येथें संरक्षित वास्तूबरोबर कर्त्याचें नांवही टिकलें आहे. तेव्हां हें दालन केवळ किपलिंगचें म्हणणें आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं.