खाण, माती आणि मुंबईचा रक्तगट

‘खाण तशी माती’ ही म्हण शाहूवाडीत कोणत्याही ओसरीवर ऐकावयास मिळते. मूल जन्मले की नाक कोणाचे, रंग आजीचा की आत्याचा, ह्याची चर्चा घरात सुरू होते. अनुवंशाचा हा पहिला धडा खरा. पण अर्धाच खरा. उरलेला अर्धा समजण्यास मुंबईतील एका शोधाचा इतिहास उपयोगी पडतो.

१८६५ साली ब्र्युन येथे मेंडेल ह्या धर्मोपदेशकाने वाटाण्यावरील आपले प्रयोग विद्वानांपुढे मांडले. उंच व बुटक्या जातींचा संकर केला असता पहिली पिढी सगळी उंच निघाली. दुसऱ्या पिढीत मात्र चारांत एक ह्या प्रमाणात बुटकी झाडे पुन्हा आली. म्हणजे बुटकेपणा नष्ट झाला नव्हता, झाकला गेला होता. ह्या शोधाकडे जगाचे लक्ष १९०० साली गेले. पुढच्याच वर्षी लँडस्टायनर यांनी माणसाच्या रक्ताचे गट प्रसिद्ध केले, आणि १९२४ साली बर्नस्टाइन यांनी त्यांच्या वारशाचा नियम सांगितला. त्या नियमाप्रमाणे ‘ओ’ गटाच्या आईला ‘एबी’ गटाचे मूल होणे शक्य नाही.

१९५२ साली डॉ. भेंडे, देशपांडे, भाटिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत तीन व्यक्तींचे रक्त तपासले. ते ‘ओ’सारखे दिसे, परंतु ‘ओ’ गटाच्या रक्ताशीदेखील जुळत नसे. ह्या गटाला पुढे मुंबईचेच नाव मिळाले. १९५५ साली अमेरिकेत लेव्हिन यांना ‘ओ’ भासणारी एक आई आढळली. तिची मुलगी ‘एबी’ होती. कोडे उलगडले ते असे: ‘ए’ आणि ‘बी’ हे गुण रक्तपेशीवर ‘एच’ नावाच्या पायावर उभे राहतात. हा पाया घालणारे बीज आईबापांपैकी एकाकडूनही मिळाले नाही, तर ‘बी’चे बीज अंगी असूनही रक्तात दिसत नाही. तरीही ते मुलीकडे जाते.

श्रोतेहो, ह्यात दोन माणसांचे हित गुंतलेले आहे. पहिली ती आई. केवळ रक्तगटाच्या चिठ्ठीवरून तिच्या शीलाविषयी शंका घेणे म्हणजे अपुऱ्या पुराव्यावर शिक्षा देणे होय. दुसरा तो रुग्ण. त्याला ‘ओ’ गटाचे रक्त दिले तर जिवावर बेतते. त्याला त्याच्याच गटाचे रक्त लागते. मुंबईत असा मनुष्य सुमारे दहा हजारांत एक, युरोपात दहा लाखांत एखादाच.

भावाची मुलगी सून करून आणण्याची चाल आपल्या दक्षिण महाराष्ट्रात जुनी आहे. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात तिची नोंद केली आहे. ह्या चालीत मायेचा ओलावा आहे, हे कोण नाकारील? परंतु एकाच आजोबांकडून आलेले झाकलेले बीज नवराबायको दोघांकडेही असण्याचा संभव नात्यात वाढतो. आणि तसे असले, तर प्रत्येक मुलाच्या बाबतीत ते उघड होण्याची शक्यता चारांत एक असते. म्हणून नात्यातील सोयरीक ठरविताना कुंडलीबरोबर वैद्याचाही सल्ला घ्यावा. ज्याचे रक्त ‘ओ’ असूनही ‘ओ’शी जुळत नाही, त्याने ‘एच’ची तपासणी करून घ्यावी, भावंडांचीही करवावी आणि रक्तपेढीत नाव नोंदवावे.

खाण तशी माती खरीच. पण खाणीत जे असते ते सगळेच मातीत दिसत नाही.