चॅम्पियन झाल्यावर पुढचा सीझन अवघड का जातो? मुंबई सिटी एफसीच्या तीन सीझनमधून समजून घ्या

ट्रॉफी जिंकली की क्लबच्या इन्स्टा पेजवर महिनाभर दिवाळी असते. ओपन बसचे फोटो, ड्रेसिंग रूममधला नाच, स्लो मोशनमधले गोल. मग थोडी शांतता. आणि दोन-तीन महिन्यांनी नवीन सीझनच्या जर्सीचा फोटो येतो. खाली कमेंट ठरलेली असते, "यंदा पण आपणच!"

विषय असा आहे की, बहुतेक वेळा यंदा आपण नसतो.

जिंकलेला संघ पुढच्या वर्षी पाचवा-सहावा येतो, तेव्हा "माज आला", "पैसा डोक्यात गेला" अशी कारणं सगळ्यात आधी दिली जातात. पण फुटबॉलमध्ये खरं कारण बऱ्याचदा मैदानाबाहेर, दोन सीझनच्या मधल्या काळात घडलेलं असतं. हे समजून घ्यायला परदेशात जायची गरज नाही. आयएसएलमध्ये महाराष्ट्राचा एकच क्लब आहे, मुंबई सिटी एफसी. २०२१ ते २०२४ या काळात हा क्लब तीन वेळा मोठं यश मिळवून पुढच्या सीझनमध्ये उतरला. तिन्ही वेळा गोष्ट वेगळी घडली.

आधी शील्ड आणि कप यातला फरक

या सीझनमध्ये आयएसएलमध्ये दोन मोठे मान असायचे. साखळी फेरीत सगळ्यात जास्त गुण मिळवणाऱ्या संघाला 'लीग शील्ड' मिळायची. त्यानंतर वरच्या संघांमध्ये बाद फेरी व्हायची, सेमीफायनल आणि फायनल. ती जिंकणाऱ्याला 'कप' मिळायचा.

म्हणजे शील्ड हे वर्षभराच्या अभ्यासाचं फळ आणि कप म्हणजे शेवटचा पेपर. मुंबई सिटीने २०२०-२१ मध्ये दोन्ही जिंकले, २०२२-२३ मध्ये शील्ड जिंकली आणि २०२३-२४ मध्ये कप.

पहिली वेळ : २०२१, दोन्ही ट्रॉफ्या आणि मग पाचवा नंबर

२०१४ मध्ये हा क्लब सुरू झाला. रणबीर कपूर आणि बिमल पारेख मालक होते. पहिली काही वर्षं बॉलिवूडमुळेच जास्त चर्चा झाली. नोव्हेंबर २०१९ मध्ये इंग्लंडच्या मँचेस्टर सिटीची मालक कंपनी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने ६५ टक्के हिस्सा घेतल्याचं जाहीर केलं आणि चित्र पालटलं.

२०२०-२१ साठी एफसी गोवाचे माजी कोच सर्जिओ लोबेरा आले. अहमद जाहू, ह्यूगो बूमू, मुर्तदा फॉल आणि मंदार राव देसाई हे त्यांच्या गोव्याच्या संघातले खेळाडूही आले. कोरोनामुळे सगळा सीझन गोव्यातच बायो-बबलमध्ये झाला. शील्डच्या शर्यतीत मुंबई आणि एटीके मोहन बागान दोघांचे ४० गुण झाले. आपसातले सामने जिंकल्यामुळे शील्ड मुंबईकडे आली. १३ मार्च २०२१ ला फायनलमध्ये पुन्हा तोच संघ समोर होता. ९० व्या मिनिटाला बिपिन सिंगने गोल केला आणि मुंबई २-१ ने जिंकली.

आता बघा त्या उन्हाळ्यात काय झालं.

गोलकीपर आणि कर्णधार अमरिंदर सिंग मोहन बागानकडे गेला. चाली रचणारा बूमूही तिकडेच गेला. ११ गोल करणारा ॲडम ल फॉन्द्र आणि ८ गोल करणारा बार्थोलोम्यू ओगबेचे हे दोघंही क्लब सोडून गेले. सीझन तोंडावर आलेला असताना, ऑक्टोबरमध्ये लोबेराही गेले आणि त्यांच्या जागी डेस बकिंगहॅम आले. त्यात त्याच वर्षी मैदानावरच्या परदेशी खेळाडूंची मर्यादा पाचवरून चारवर आली.

तरीही सुरुवात झोकात झाली. पहिल्या ६ सामन्यांत ५ विजय, त्यात मोहन बागानला ५-१ ने धुतलं. सोशल मीडियावर तर तेव्हाच ट्रॉफी देऊन टाकली होती. मग डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपेपर्यंत मुंबईला एकही सामना जिंकता आला नाही. शेवटी ३१ गुण आणि पाचवा नंबर. सेमीफायनलही हुकली.

आणि मीठ चोळणारी गोष्ट म्हणजे, ओगबेचेने हैदराबादकडून त्या सीझनमध्ये सगळ्यात जास्त, म्हणजे १८ गोल केले. कपही हैदराबादनेच जिंकला.

एक गोष्ट मात्र जमेची. शील्डमुळे मुंबईला एएफसी चॅम्पियन्स लीग, म्हणजे आशियातल्या सगळ्यात मोठ्या क्लब स्पर्धेत जागा मिळाली होती. ११ एप्रिल २०२२ ला रियाधमध्ये मुंबईने इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ ने हरवलं. या स्पर्धेत सामना जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. म्हणजे ज्या संघाला देशात पहिल्या चारात येता आलं नाही, त्याच संघाने आशियात इतिहास घडवला.

दुसरी वेळ : २०२३, कोच मध्येच गेला, तरी कप आला

बकिंगहॅमच्या संघाने २०२२-२३ मध्ये सलग १८ सामने न हरता, ४६ गुणांसह शील्ड घेतली. सेमीफायनलमध्ये मात्र बेंगळुरूने पेनल्टीवर ९-८ ने बाहेर काढलं.

पुढचा सीझन कागदावर सगळ्यात अवघड होता. फॉल आणि जाहू दोघंही ओडिशाकडे गेले, तिथे कोच होते लोबेरा. आयएसएलसोबतच आशियातले ६ सामनेही खेळायचे होते. त्यातला पहिला घरचा सामना पुण्यात बालेवाडीला झाला. गटात सौदीचा अल हिलाल होता. मुंबईने सहाच्या सहा सामने गमावले आणि गोल केला फक्त एक. नोव्हेंबरमध्ये बकिंगहॅम इंग्लंडच्या ऑक्सफर्ड युनायटेडला गेले. डिसेंबरमध्ये पीटर क्रॅटकी आले. जानेवारीत ग्रेग स्ट्युअर्टसारखा हुकमी खेळाडूही गेला.

एवढं सगळं होऊन संघ कोसळायला हवा होता. झालं उलटंच.

४७ गुण मिळवून मुंबई दुसरी आली. १५ एप्रिल २०२४ ला कोलकात्यात मोहन बागानकडून हरल्यामुळे शील्ड एका गुणाने गेली. सेमीफायनलच्या पहिल्या सामन्यात गोव्याविरुद्ध ८९ मिनिटांपर्यंत ०-२ ने मागे असलेल्या मुंबईने शेवटच्या काही मिनिटांत तीन गोल ठोकले. आणि ४ मे ला, म्हणजे शील्ड गमावल्यावर १९ दिवसांनी, त्याच सॉल्ट लेक स्टेडियमवर, त्याच मोहन बागानला ३-१ ने हरवून कप आणला.

हे कसं जमलं? कारण संघाचा कणा शाबूत होता. गोलमध्ये फुर्बा लाचेन्पा, बचावात मुंबईकर राहुल भेके आणि मेहताब सिंग, मधल्या फळीत आपुइया, पुढे छांगते, बिपिन आणि परेरा दियाझ. कोच बदलला, पण रोज शेजारी खेळणारी माणसं तीच राहिली.

तिसरी वेळ : २०२४, कोच तोच, कणा गेला

२०२४ चा उन्हाळा बरोबर उलटा होता. क्रॅटकी कायम राहिले. आशियातल्या सामन्यांचं ओझंही नव्हतं. पण आपुइया मोहन बागानकडे गेला. भेके आणि दियाझ बेंगळुरूकडे गेले. म्हणजे बचाव, मधली फळी आणि आक्रमण या तिन्ही ठिकाणचा एकेक खांब निघाला.

१३ सप्टेंबर २०२४ ला नव्या सीझनच्या पहिल्याच सामन्यात मुंबईने मोहन बागानविरुद्ध दोन गोलची पिछाडी भरून २-२ अशी बरोबरी केली. पुन्हा सगळ्यांना वाटलं, चॅम्पियनचा रुबाब तोच आहे. पण सीझनभर गोल आटले. ३६ गुणांवर सहावा, म्हणजे बाद फेरीतला शेवटचा नंबर कसाबसा मिळाला. आणि २९ मार्च २०२५ ला बेंगळुरूने ५-० ने घरी पाठवलं.

त्या वर्षीची फायनल कोणात झाली? मोहन बागान आणि बेंगळुरू. आपुइया एकीकडे, भेके आणि दियाझ दुसरीकडे.

पण क्लब खेळाडूंना जाऊच का देतात?

आपल्याकडच्या कबड्डीवरून समजून घ्या. वाशिम जिल्ह्यात कामरगावसारख्या गावात स्पर्धा गाजवणाऱ्या रेडरला दुसऱ्याच दिवशी शेजारच्या गावातून फोन येतो. हरलेल्या संघाच्या रेडरला कोण विचारतं? फुटबॉलमध्येही तेच होतं, फक्त रक्कम कोटींत असते.

याची कारणं साधी आहेत :

• भाव वाढतो. चॅम्पियन संघातल्या प्रत्येकाची किंमत एकाच वेळी वाढते. आयएसएलमध्ये संघाच्या एकूण पगारावर मर्यादा आहे. त्यामुळे सगळ्यांचा पगार वाढवणं शक्य नसतं, कोणाला तरी सोडावंच लागतं.

• करार संपतात. आपल्याकडे बरेच करार एक-दोन वर्षांचे असतात. करार संपला की खेळाडू मोकळा आणि जुन्या क्लबला पैसाही मिळत नाही.

• प्रतिस्पर्धी दुहेरी फायदा बघतात. चॅम्पियन संघाचा माणूस घेतला की आपली ताकद वाढते आणि त्यांची घटते.

• सगळे अभ्यास करून येतात. जिंकलेल्या संघाचे डावपेच वर्षभर टीव्हीवर दिसलेले असतात. प्रत्येक जण त्याचा तोड घेऊन मैदानात येतो.

जगातही हेच दिसतं. इंग्लंडच्या लेस्टर सिटीने २०१६ मध्ये प्रीमियर लीग जिंकली तेव्हा सगळं जग चक्रावलं होतं. उन्हाळ्यात त्यांचा मधल्या फळीतला एनगोलो कांते चेल्सीला गेला. नव्या सीझनचा पहिलाच सामना लेस्टर नुकत्याच वर आलेल्या हल सिटीकडून हरली. फेब्रुवारी २०१७ मध्ये कोच क्लॉडिओ रानिएरी यांची हकालपट्टी झाली. लेस्टर बारावी आली. चॅम्पियन कोण झालं? कांतेची चेल्सी.

आणि खुद्द मँचेस्टर सिटीचा किस्सा तर अजूनच भारी आहे. १९३६-३७ मध्ये ते इंग्लंडचे चॅम्पियन झाले आणि पुढच्याच सीझनमध्ये खालच्या डिव्हिजनमध्ये फेकले गेले. विशेष म्हणजे त्या सीझनमध्ये डिव्हिजनमध्ये सगळ्यात जास्त, ८० गोल त्यांचेच होते.

यशामुळे क्लब टिकतो का?

दुर्दैवाने याचीही हमी नाही. मुंबईतच महिंद्रा युनायटेड नावाचा क्लब होता. १९६२ मध्ये कंपनीचा संघ म्हणून सुरू झालेल्या या क्लबने डेरिक परेरा कोच असताना २००५-०६ च्या सीझनमध्ये फेडरेशन कप आणि नॅशनल फुटबॉल लीग दोन्ही जिंकले. पुढच्या सीझनमध्ये ते तिसरे आले, म्हणजे वाईट नाहीच. पण २००९-१० चा सीझन संपला आणि कंपनीने संघच बंद केला. दुहेरी यशानंतर अवघ्या चार वर्षांत क्लब इतिहासजमा झाला. २०१४ मध्ये सुरू झालेला एफसी पुणे सिटी तर २०१९ मध्येच बंद पडला.

मुंबई सिटीवरही ही टांगती तलवार येऊन गेली. आयएसएल चालवणारी कंपनी आणि भारतीय फुटबॉल महासंघ यांच्यातला करार ८ डिसेंबर २०२५ ला संपणार होता. नवा करार ठरेना, त्यामुळे २०२५-२६ चा सीझन वेळेवर सुरूच झाला नाही. त्याच डिसेंबरमध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने आपला हिस्सा सोडला आणि क्लब मूळ मालकांकडे परत आला. लीग अखेर फेब्रुवारी २०२६ मध्ये सुरू झाली, तीही आखूड स्वरूपात.

म्हणजे चार वर्षांत चार मोठे मान जिंकलेल्या क्लबच्या चाहत्यांना पहिला प्रश्न "यंदा जिंकणार का?" हा नव्हता. "यंदा सीझन होणार का?" हा होता.

मग नवीन सीझन सुरू होताना नेमकं काय बघायचं?

तुमचा आवडता क्लब मुंबई सिटी असो, मोहन बागान असो की रिअल माद्रिद, जर्सीचा फोटो लाइक करण्याआधी या चार गोष्टी तपासा :

१. गोलकीपर, मधला बचावपटू, मधल्या फळीतला सूत्रधार आणि मुख्य स्ट्रायकर, या चौघांपैकी किती जण राहिले? दोन किंवा जास्त गेले असतील तर अपेक्षा थोड्या आवरा.

२. गेलेला खेळाडू कुठे गेला? थेट प्रतिस्पर्ध्याकडे गेला असेल तर फटका दुप्पट.

३. पहिल्या पाच-सहा सामन्यांवरून निकाल लावू नका. २०२१ ची मुंबई आठवा. खरी परीक्षा दुखापती आणि थकवा सुरू झाल्यावर होते.

४. कोच बदलला म्हणून लगेच घाबरू नका. २०२३ च्या मुंबईने दाखवलं की कणा शाबूत असेल तर नवा कोच मध्येच येऊनही ट्रॉफी देऊ शकतो.

कामरगावपासून अंधेरीचं मुंबई फुटबॉल अरिना पाचशे किलोमीटरहून जास्त लांब आहे, त्यामुळे आपला सीझन मोबाईलच्या स्क्रीनवरच जातो. पण कोण आला आणि कोण गेला याची यादी मुंबईत जेवढी दिसते तेवढीच इथेही दिसते. पुढच्या वेळी "यंदा पण आपणच" लिहिण्याआधी ती एकदा उघडून बघा.